काठावरचे म्हस्के काका

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीतून सकाळी साडेसहाला एक दोर निघतो. पुढच्या टोकाला म्हस्के काका, मागं अकरा पोरं. दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. एका लेकराला एक गाठ, आणि पोहण्याचा तलाव येईपर्यंत ती सोडायची नाही. चौकातले रिक्षावाले विचारतात, "चाचा, आज कितने डब्बे?"

"ग्यारह. और इंजन," काका गंभीरपणे सांगतात.

हे काम काकांना कुणी दिलेलं नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, घरात एकटा राहणारा माणूस. चार पोरं एकटीच रस्ता ओलांडून तलावाकडं निघालेली त्यांनी एकदा पाहिली आणि ते मागं मागं गेले. तेव्हापासून जातातच.

"गाडी सोडायच्या आधी ब्रेक बघायचा," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. म्हणजे निघण्याआधी प्रत्येकाची टोपी बघायची, पाण्याची बाटली हलवून बघायची, आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते विचारायचं. आमची रेवा, वय वर्षं नऊ, एकदा दोन पोळ्या खाऊन गेली. काकांनी तिला तासभर काठावर बसवलं. मी जाब विचारायला गेले.

"ताई, भरल्याली गाडी चढावर दम टाकती," काका म्हणाले. मी परत आले.

तलावावर शिकवायला नाझिया मॅडम आहेत. जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या. काका त्यांना रोज विचारायचे, "मॅडम, इथं खोली किती?" आकडा भिंतीवर हातभर अक्षरात रंगवलेला. "रंग काय, कोनीबी लावतंय," म्हणत काका स्वतःची काठी बुडवून बघायचे. मग बूट-मोजे न काढताच काठावरच्या खुर्चीत बसायचे आणि तिथून शिकवायचे. "पाय मार! मान ढिली सोड! पाण्याशी भांडू नगंस!" ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी तरुणपणी पैठणला गोदावरी आडवी कापली असणार. आमच्या शेजारणीनं तर तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. काका यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी मीही तलावावर होते. दुसऱ्या एका आईशी बोलत उभी. रेवाच्या मैत्रिणीचा पोहण्याचा चष्मा पाण्यावर तरंगत चालला होता. तो धरायला रेवा कठड्याला हात लावत लावत पुढं सरकली आणि खोल बाजूला गेली. हात सुटला. ना किंचाळी, ना पाण्याचा आवाज. नाझिया मॅडम पलीकडं एका लहानग्याची ट्यूब बांधत होत्या. आणि मी, तिची आई, दहा पावलांवर उभी राहून बोलतच होते.

काकांनी जोरात शिट्टी मारली आणि दोर फेकला.

"रेवा, गाठ धर!"

महिनाभर रोज सकाळी धरलेली गाठ. तिच्या हातानं ती आपोआप धरली. मॅडम पोचेपर्यंत काकांनी तिला काठाला आणलं होतं. ती खोकली, रडली. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं, तेव्हा चष्मा सापडला का म्हणून विचारत होती.

कॉलनीत काकांचं फार कौतुक झालं. काका मात्र गप्प झाले. पोरांना न्यायचे, आणायचे, पण खुर्चीतून एक शब्द नाही. चौथ्या दिवशी मी शिऱ्याचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले.

"काका, तुम्ही होतात म्हणून..."

"ताई," त्यांनी मला मधेच थांबवलं, "मला पव्हाय येत नाय."

मी हातातला डबा त्यांच्यापुढं ठेवला.

"दोर फेकला अन् हुबा ऱ्हायलो. तिनं धरला नसता, तर तसाच हुबा ऱ्हायलो असतो."

"पण तेच बरोबर केलंत. ज्याला येत नाही त्यानं उडी मारायचीच नसते. मॅडमही तेच म्हणाल्या."

"बरोबर हाय. पन डोळे मिटले की तिचा हातच दिसतोय."

"कधी शिकला नाहीत?"

"कन्नड तालुक्यातलं डोंगराकडंचं गाव आमचं. उन्हाळ्यात हिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरायचो." काका डब्याचं झाकण उगाच उघडत-लावत राहिले. "पेयालाच पानी नव्हतं, ताई. पव्हायला कुठून आनायचं?"

पुढच्या आठवड्यात एकदा मीच रेवाला आणायला जरा लवकर गेले. तलावाच्या उथळ कोपऱ्यात नव्यानं शिकणाऱ्यांची रांग होती. पाच-सहा वर्षांची पोरं कठडा धरून पाय मारत होती, आणि रांगेच्या शेवटी एक पिकलेलं डोकं. काकांची खुर्ची रिकामी होती, बूट-मोजे तिच्याखाली नीट ठेवलेले.

काकांच्या शेजारी ट्यूब बांधलेली एक चिमुरडी कठडा सोडायला तयार नव्हती. नाझिया मॅडम तिच्यामागं उभ्या राहून समजावत होत्या. काका तिच्याकडं झुकले.

"मलाबी लई भ्या वाटतंय," ते हळूच म्हणाले. "आपुन दोघं संगंच सोडू. व्हय?"

तिनं मान हलवली. दोघांनी कठडा सोडला.

ती तरंगली. काका कमरेएवढ्या पाण्यात बुडाले, धडपडत उभे राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आधी तिला शोधू लागले.

"काका, तुम्हाला उद्या येईल," ती त्यांना समजावत म्हणाली.

काकांना ठसका लागला होता. तो ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पन तू येशील ना उद्या?"