थोरलीवरचं वर्तुळ

मुख्य आरेखकांनी नकाशे नकलणाऱ्या बाईंना सगळ्या कचेरीदेखत फैलावर घेतलं. त्यांच्या नकाशातली एक रेघ बाईंनी आपल्या मनाने सूतभर सरळ केली होती.

"माझ्या कागदावर आहे ते आहे! तुम्ही नुसतं गिरवायचं. अक्कल चालवायची नाही!"

"बरं, साहेब," बाई म्हणाल्या.

मोठं युद्ध संपून बारा वर्षं झाली होती आणि आरमाराला एकसारख्या चार युद्धनौका हव्या होत्या. कचेरीत त्यांना थोरली, मधली, तिसरी, धाकटी म्हणत. चौघींचा नकाशा एकच, साहेबांच्या हातचा. तो त्याच दुपारी नकलायला बाईंकडे आला. मागच्या डेकवर एक वर्तुळ होतं. बाईंनी ते दोनदा पाहिलं, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि गिरवलं.

चिलखत खात्याला वर्तुळ कशाचं ते उमजेना. पण साहेबांना विचारणार कोण? खात्याने त्याला चार इंच जाडीचा पोलादी कठडा दिला. एवढा कठडा म्हणजे आत कोणी बडी असामी उभी राहणार, असं धरून वीज खात्याने टेलिफोन जोडला. युद्धानंतरच्या तहाने नौकांना घालून दिलेल्या वजनाच्या वर नौका चालली, तेव्हा ॲडमिरलांचं न्हाणीघर कापलं.

थोरली तयार झाली. साहेब ऐटीत पाहणीला चढले आणि कठड्यापाशी थबकले. वर्तुळाला एका जागी फट होती, दाराएवढी. ती फट त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. त्यांच्या चहाच्या कपाच्या बुडाचा टवका उडाला होता, तोही नकाशाच्या मापात नेमका तेवढाच.

त्यांचे कान तापले. मागे बाई नकाशांची गुंडाळी घेऊन उभ्या होत्या.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कागदाला चहाचा वास येत होता, साहेब."

मग का बोलला नाहीत, हे विचारायची साहेबांना सोय नव्हती.

तेवढ्यात ॲडमिरल आले. "या गोलासाठी माझं न्हाणीघर गेलं म्हणे! कोणाचा हा उद्योग?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. 'नकलताना चूक झाली' एवढं म्हटलं की साहेब सुटत होते. कापडावर गिरवलेल्या नकलेवर सही बाईंची होती. शब्द जिभेवर आलेही. बाई खाली मान घालून गुंडाळीची दोरी आवळत होत्या.

"माझा," साहेब पुटपुटले. "म्हणजे… तो माझ्या कपाचा डाग आहे."

ॲडमिरल आत जाऊन उभे राहिले. चहूकडे पाहिलं, टेलिफोन उचलून पाहिला आणि खो खो हसले. "इथून सगळी नौका दिसते, वारा म्हणून लागत नाही, आणि हा गृहस्थ म्हणतो कपाचा डाग! एवढं करून केवढा विनय! पुढच्या वर्गाच्या नौकांवर असे दोन हवेत. दोन्ही बाजूंना!"

टाळ्या पडल्या. साहेबांना पाण्यात उडी टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी बाई कोरा कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, डावीकडचा गोल कंपासने काढू की…?"

साहेबांनी मान वर केली नाही. चहा संपवला, कप त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, बाई."