गोटे की सालपटं

"गोटे," मुलगा फोनवर म्हणाला. "बाबा, डोळे मिटून गोटे टाका. एकदा वाफ्यांत पसरले की पुढची दहा वर्षं बघायला नको."

"बरोबर आहे तुझं," निरीक्षक म्हणाले.

चष्मा पुसून होतो न होतो तोच मुलीचा फोन आला.

"गोटे अजिबात टाकायचे नाहीत हं! उन्हात तापतात, मुळं भाजून निघतात. नर्सरीत झाडांच्या सालींचे तुकडे मिळतात बघा, ती सालपटं पसरायची. ओल टिकते, तण माजत नाही, आणि कुजून कुजून त्याचंच खत होतं."

"आणि कुजून संपली की?"

"मग पुन्हा टाकायची. दरवर्षी."

"पटलं मला तुझं," निरीक्षक म्हणाले, आणि तेही मनापासून म्हणाले.

उभी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती. दुकानादुकानातून जायचं, तराजू टेबलावर ठेवायचा आणि काटा बरोबर मध्ये येतो का ते वाकून बघायचं. नोकरी संपली, पण काटा मध्ये ठेवायची सवय काही सुटली नाही. मुलं लहान असताना ते दुधाचे दोन पेले शेजारी शेजारी ठेवून डोळा त्यांच्या काठाला लावत. पत्नी म्हणायची, "अहो, दूध आहे ते, पुरावा नाही!" आता मुलं दोन वेगळ्या शहरांत होती आणि पत्नी कुठेच नव्हती. घराभोवतीचे वाफे तेवढे होते. ते तिचे होते. तण गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, पण त्यातलं तण कुठलं आणि तिने लावलेलं कुठलं हे निरीक्षकांना ओळखता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काहीच उपटलं नव्हतं.

शेवटी नर्सरीतून एक माळी येऊन निवडून गेला. रोपं मोकळी झाली, मधली माती उघडी पडली आणि तिच्यावर काय पसरायचं हा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न आल्यापासून निरीक्षकांचे दिवस बरे चालले होते.

त्याआधी फोन रविवारी यायचे. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवू का. एवढ्यात दोन्ही फोन आटपायचे आणि अख्खा रविवार शिल्लक राहायचा. आता मुलगा रोज फोन करत होता, कारण मुलीने काल काय सांगितलं ते त्याला खोडून काढायचं होतं. मुलगी रोज फोन करत होती, कारण मुलगा खोडून काढणार हे तिला माहीत होतं. वाद मंदावतोय असं वाटलं की निरीक्षक नर्सरीत जाऊन एखादी नवी शंका घेऊन येत. "गोट्यांखाली विंचू राहतात म्हणे," असं मुलाच्या कानावर घालायचं. "सालपटांना वाळवी लागते म्हणतात," असं मुलीच्या. दोघंही बिचारी कामं सोडून माहिती काढत आणि पुन्हा फोन करत. ज्या दिवशी हा प्रश्न सुटेल त्या दिवशी फोन पुन्हा रविवारवर जातील, हे निरीक्षकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दोघांनाही हो म्हणत होते.

पण निरीक्षकांची मुलं ती. हो म्हणजे हो, असं त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं. मुलाने परस्पर गोटे मागवले. मुलीने बाबांना चकित करावं म्हणून सालपटं मागवली. आणि दोन्ही गाड्या एकाच सकाळी दारात आल्या.

आधी गोट्यांचा ट्रक आला. निरीक्षकांचं घर आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंचं घर, या दोन्ही घरांना मिळून रस्त्यापर्यंत एकच बोळ होता. ट्रक उलटा उलटा त्या बोळात शिरला.

"काका, कुठे ओतू?"

"जरा थांबा. विचार करून सांगतो."

"विचार कसला? बागेचंच काम ना?"

"हो, पण अजून ठरलेलं नाही."

"मला पुढच्या गाड्या आहेत हो," म्हणत ड्रायव्हरने खटका ओढला आणि बोळाच्या तोंडाशी गोट्यांचा डोंगर उभा राहिला. निरीक्षक त्याच्याकडे बघतायत तोवर दुसरा ट्रक हजर.

"सालपटं आलीत. कुठे घेऊ?"

"तिथे नको! त्या गोट्यांपासून लांब. म्हणजे अगदी लांबही नको, दोन्हींच्या मधोमध जागा राहील असं..."

ड्रायव्हरला त्यातलं 'मधोमध' तेवढं ऐकू गेलं. डोंगराच्या बरोब्बर माथ्यावर सालपटांचा पाऊस पडला आणि गोट्यांच्या फटीफटीतून पार तळापर्यंत गेला. निरीक्षकांनी घाईघाईने फावडं आणून दोन्ही वेगळं करायला घेतलं. त्याने जे थोडंफार वेगळं होतं तेही एकजीव झालं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. शेजारच्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. त्यांची गाडी आत आणि ढीग बाहेर.

"अहो निरीक्षक! हे काय मांडलंय? माझा पेशंट खोळंबलाय!"

"एक मिनिट, डॉक्टर!" निरीक्षक म्हणाले, आणि नेमका फोन वाजला. मुलगा, व्हिडिओवर.

"आले का गोटे? दाखवा की."

निरीक्षकांनी मोबाईल खाली वाकवून ढिगाचा गोटेवाला पायथा दाखवला. मुलगा खूश झाला. तो ठेवतो न ठेवतो तो मुलीचा. तिला ढिगाचा माथा दाखवला. तीही खूश झाली. "बघा, कसं छान दिसतंय! आणि दादाला अजून सांगू नका हं," ती म्हणाली. सगळं निभावलं असतं, पण हॉर्न वाजवून वाजवून कंटाळलेल्या डॉक्टरीणबाई निरीक्षकांच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावल्या.

"अगं, तुझ्या बापाने गोटे नि सालपटं दोन्ही आणलंय! सगळी भेळमिसळ झालीय आणि माझी गाडी आत अडकलीय!"

मग मुलीने मुलाला त्याच फोनवर घेतलं. आधी दोघं भांडली, मग हसली, मग बापाला बाजूला ठेवून आपसातच बोलू लागली. रोपं उन्हात म्हणून पुढे गोटे नकोत, सावलीच्या बाजूला चालतील. ठीक. मग पुढे सालपटं, मागे गोटे. ठीक. चहा निवायच्या आत दोघांनी सगळं ठरवून टाकलं.

"चला, मिटलं एकदाचं!" मुलगा म्हणाला.

"सुटलात बाबा तुम्ही," मुलगी म्हणाली.

"हो," निरीक्षक म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. इतके दिवस जपलेला प्रश्न आपल्यादेखत असा सुटावा आणि आपल्याला विचारूही नये कुणी! त्यांनी फोन खिशात घातला, पायरीवरची पाटी आणि बादली घेतली, आणि ढिगाशी बसून एक गोटा बादलीत, एक सालपट पाटीत टाकायला सुरुवात केली.

"असं किती दिवस करणार?" डॉक्टरीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"बघू."

"सरका तिकडे. नाहीतर माझी गाडी जन्मात निघायची नाही."

त्या घरात जाऊन हातमोजे आणि मास्क चढवून आल्या, एक स्टूल मांडलं आणि दात काढावा तसा एकेक गोटा हलवून, सैल करून काढू लागल्या. काम करता करता त्या बोलायच्या, प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या. समोरच्या माणसाच्या तोंडात कापूस असतो, याची त्यांना आयुष्यभराची सवय. निरीक्षकांना त्याचं काहीच वाटलं नाही. घरात बोलणारं कुणी असलं की आपण नुसतं हं म्हणायचं, हे सुख ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या. तिसऱ्या दिवशी थर्मास घेऊन आल्या. ढीग एका बाजूने इतका सरकला की गाडी आरामात निघाली असती.

"डॉक्टर, वाट झाली. काढा गाडी."

डॉक्टरीणबाई गोटा पुसत राहिल्या.

"पेशंट खोळंबले असतील," निरीक्षक म्हणाले.

"कुठले पेशंट? हात थरथरायला लागला, तेव्हाच दवाखाना बंद केला. झालं की वर्ष."

"मग रोज सकाळी गाडी काढून जाता ती?"

"चौकापर्यंत जाते. तिथून वळवून आणते." त्यांनी मास्क जरा वर ओढला. "घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त नको का?"

निरीक्षकांनी हं म्हटलं नाही. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी मावळतीला, डॉक्टरीणबाई घरात गेल्यावर, निरीक्षकांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती लबाडी केली. निवडलेल्या सालपटांची एक पाटी उचलली आणि हळूच पुन्हा ढिगावर पालथी केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग रोजच करू लागले.

पण मापात फरक पडला की त्यांच्या लक्षात आल्याशिवाय कसा राहील? आपण एक पाटी टाकतो आणि ढीग दोन पाट्यांनी वाढतो, हे चार-पाच दिवसांत त्यांनी हेरलं. एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठून ते खिडकीशी उभे राहिले. शेजारचं दार उघडलं. डॉक्टरीणबाई मास्क लावून बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं, निवडलेल्या गोट्यांची बादली दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक गोटा अलगद ढिगात परत खोचू लागल्या.

निरीक्षकांनी हयातभर खोटी वजनं पकडली होती. ते खिडकीतून मागे सरले आणि शेजारचं दार लागेपर्यंत पडद्याआड थांबून राहिले.

मग तोंड धुऊन ते बाहेर आले आणि ढिगासमोर बसले. डॉक्टरीणबाई थर्मास घेऊन आल्याच.

"ढीग काही हलत नाही हो, डॉक्टर."

"कसा हलेल? तुमच्या त्या ड्रायव्हरने फारच घट्ट मिसळलंय."

"दिवाणी दाव्यासारखं काम आहे. घाई करून चालायचं नाही."

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता.

"बाबा, अजून तो ढीग तसाच? मी माणसं पाठवतो. एका दिवसात उचलून वाफ्यांत टाकतील."

"माणसं नकोत."

"का पण?"

"नाजूक काम आहे रे. कुणाचाही हात लावून चालत नाही."

"बरं. जेवलात का? गोळी..."

"घेतली. तू जेव. आणि आता ठेव बघू," निरीक्षक म्हणाले. "इथे डॉक्टर खोळंबल्यात."

पलीकडे मुलगा चकित होऊन हॅलो, हॅलो करत राहिला. निरीक्षकांनी फोन पायरीवर पालथा ठेवला आणि ढिगातून, मघाशीच तिथे खोचलेला, एक स्वच्छ पुसलेला गोटा उचलला.