चिमणीची सहावी पायरी

मेंदू हा स्नायूच असतो. त्याला रोज व्यायाम दिला की गणितासारखा डोंगरही पाठीवर घेऊन तो चालू लागतो. हे सत्य मेंदू-प्रशिक्षण केंद्राच्या दारावर लिहिलेलं होतं. त्याखाली ‘चपला बाहेर काढा’ असंही होतं.

अपूर्णांक दिसले की चिमणीच्या पोटात दुखायचं, म्हणून आईनं तिला तिथं घातलं. रोज संध्याकाळी टॅबवर पिवळे चौकोन लुकलुकायचे. ते उलट क्रमानं दाबायचे. जमलं की एक पायरी वर, नाही जमलं की खाली. एक दिवस बुडाला की पुन्हा पहिल्या पायरीपासून.

पंधराव्या दिवशी चिमणी पोहून दमून झोपली. सहावी पायरी वाया जाऊ नये म्हणून बाबांनी टॅब हातात घेतला. बाबा पुलांचे नकाशे काढत. त्यांना चौकोनांची काय भीती?

दहा मिनिटांत चिमणी दुसऱ्या पायरीवर आली.

“केंद्रातून निरोप आलाय,” आई म्हणाली. “पोरीची स्मरणशक्ती अचानक घसरलीय म्हणे. घरात काही ताण आहे का, विचारतायत.”

“छे! कसला ताण?” बाबा वर न बघता म्हणाले.

आता खरं सांगायची सोय उरली नव्हती. घसरलेलं सावरायचं म्हणून बाबांनी चिमणीला सुट्टी दिली आणि टॅब ऑफिसात नेला. चार दिवस घाम गाळून त्यांनी तिला पहिल्या पायरीवर आणलं. केंद्रानं तातडीनं विशेष वर्ग ठरवला, दर रविवारी सकाळी.

“बाबा, रविवारी माझी पोहण्याची शर्यत आहे!” चिमणी रडकुंडीला आली. “तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा.”

“हळू बोल गं! आईला ऐकू जाईल.”

शनिवारी केंद्रातल्या बाईंनी घरच्या सगळ्यांना समोर बसवून चिमणीची चाचणी घेतली. चिमणीनं पाय हलवत, खिडकीबाहेर बघत नववी पायरी गाठली.

“मग इतके दिवस टॅबवर कोण बसत होतं?” बाईंनी चष्मा काढला.

चिमणीनं बाबांकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

“मी,” ते शेवटी म्हणाले. “पण नेटानं बसत होतो हो.”

आता बाई फाडून खाणार, अशा तयारीनं ते उभे राहिले. बाईंनी मात्र खणातून कोरा अर्ज काढला. त्यांच्या आवाजात माया होती.

“वय?”

“सेहेचाळीस.”

“उशीर झालाय, पण हरकत नाही. अशी केस मी अजून पाहिली नव्हती.”

“रविवारच्या वर्गातली जागा रिकामी झालीच आहे,” आई म्हणाली. “यांनाच घ्या.”

रविवारी बाबा आठ-आठ वर्षांच्या दोन मुलांच्या मध्ये बसून चौकोन दाबत होते, तेव्हा चिमणी शर्यतीत दुसरी आली. सोमवारी तिला गणिताचा पेपर मिळाला. पन्नासपैकी अकरा. केंद्रात जायच्या आधीही अकराच होते.