भामाबाईंचं पूर्ण बरं होणं

शहागंजातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाने सखोल विचारविनिमय आणि खारी-चहा झाल्यावर असा ठराव मंजूर केला, की यापुढे डॉक्टरांना पैसे किती पेशंट तपासले यावर मिळणार नाहीत, किती बरे केले यावर मिळतील. ठरावात खोट काढायला जागाच नव्हती. छातीच्या वॉर्डाच्या प्रमुख डॉ. कहकशा यांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाईंच्या हाताला गुण आहे असं पार फुलंब्रीपर्यंत बोललं जाई, आणि गुणाला कधीतरी किंमत येईल अशी बाईंची आपली एक भाबडी समजूत होती.

योजना राबवायला आकाश नावाचे गुणवत्ता अधिकारी रुजू झाले. आधी ते वाळूजच्या एका कारखान्यात बेअरिंगं तपासत. बेअरिंग आणि माणूस यांत त्यांना तत्त्वतः काही फरक दिसत नव्हता. बेअरिंग तक्रार करत नाही, एवढंच. त्यांनी बरं होण्याची व्याख्या केली. पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जावा, त्याच तिमाहीत त्याच आजारासाठी परत येऊ नये, आणि फोनवर विचारल्यावर त्याने ‘मी पूर्ण बरा आहे’ असं सांगावं. ज्या वॉर्डाची श्रेणी तिमाहीअखेर ‘क’ येईल, त्याच्या खाटा ‘अ’ श्रेणीवाल्यांना द्यायच्या.

अतिदक्षता विभागाचे डॉ. सत्यम हे जात्याच हुशार गृहस्थ. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून फाटकावर उभं राहून हृदयविकाराच्या पेशंटांना इतर चांगल्या दवाखान्यांचे पत्ते द्यायला सुरुवात केली. आत त्यांनी सर्दी-पडसं भरलं. बघता बघता अतिदक्षता विभागात शिंकणाऱ्यांना खाटा पुरेनात. व्हेंटिलेटरला टॉवेल वाळत घालून मंडळी गप्पा हाणत बसत आणि टुणटुणीत होऊन घरी जात. महिनाभर त्या विभागात एकही मृत्यू झाला नाही, कारण मरण्याजोगं कुणी आत शिरतच नव्हतं. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. पेशंट निवडता आला की निम्मा उपचार झाला, असं त्यांनी उत्तरादाखल नम्रपणे सांगितलं.

फाटकावरून परतवलेले सगळे मग मागच्या दाराने कहकशाबाईंकडे येऊ लागले. बाईंना नाही म्हणता येत नसे. धापा टाकणारी माणसं त्या घेत, निम्मी रात्र जागून उभी करत, आणि घरी पाठवत. तरी त्यांची श्रेणी घसरतच चालली, आणि का ते कळेना. ते कळलं भामाबाईंमुळे.

भामाबाई फुलंब्रीकडच्या. उभा जन्म चुलीच्या धुरात काढल्याने फुप्फुसं पार कामातून गेलेली. त्यांना झोळीत घालून आणलं होतं. गेल्या त्या चालत. मग दवाखान्यातून फोन गेला, की आजी, पूर्ण बऱ्या आहात का? भामाबाई म्हणाल्या, “हाय आपली.” संगणकाने ‘बरी नाही’ अशी नोंद केली. आता भामाबाईंनी आयुष्यात कधी ‘चांगलं हाय’ असं तोंडानं म्हटलंच नव्हतं. म्हशीच्या दुधाचं विचारलं तरी ‘देती थोडंफार’. भरल्या तोंडानं चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे त्यांच्याकडे लेकरालाही ठाऊक. आणि कहकशाबाईंचे सगळे पेशंट त्याच बाजूचे. डॉ. सत्यमांचे शहरी शिंकणारे मात्र फोन वाजायच्या आत ‘एकदम फर्स्टक्लास’ म्हणत होते.

वॉर्ड जायची वेळ आली तेव्हा कहकशाबाईंनी लाज गिळली. तपासणीला आलेल्या भामाबाईंना त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, “मावशी, एकदाच ‘पूर्ण बरी आहे’ म्हणा. या खाटा गेल्या तर तुमच्यासारख्यांना ठेवायचं कुठं?”

भामाबाईंनी आधी आसपास कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाल्या, “तुमच्यासाठी म्हणते. पण बाई, दृष्ट लागली तर तुम्हीच बघा मला.”

पुन्हा फोन आला. भामाबाई पूर्ण बऱ्या झाल्या. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःवरून मीठ-मोहऱ्या उतरवून घेतल्या, पण कशाचं काय! थंडी पडली, धुकं उतरलं, आणि त्यांचा लेक सोमनाथ शेजाऱ्याची गाडी मागून त्यांना घेऊन धावत आला. ओठ निळे पडलेले, शब्द फुटेना. खिडकीवरचा संगणक काही त्यांना दाखल करून घेईना. आकाशसाहेबांना बोलावलं.

“मॅडम, या आजी पूर्ण बऱ्या आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “त्यांनी स्वतः सांगितलंय. रेकॉर्डिंग आहे.”

“आणि ही धाप?”

“ती या तिमाहीत येऊ शकत नाही.”

अतिदक्षता विभागात विचारावं, तर तिथं पडशाची साथ जोरात होती. एकच मार्ग उरला. आधीचं बरं होणं रद्द करायचं, म्हणजे बाईंची श्रेणी सरळ ‘क’च्या उंबरठ्यावर. बाईंनी आकाशसाहेबांना बाजूला सारलं, म्हातारीला ऑक्सिजन लावला आणि मग ती रद्दची सही केली. चार दिवस त्या तिच्या उशाशी होत्या. ओपीडीत लोक खोळंबून शिव्या घालत होते, ते बाईंना ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी भामाबाई उठून बसल्या आणि भाकर मागू लागल्या.

आकाशसाहेबही काही दगड नव्हते. त्यांनी नियमात एक फट शोधून काढली. नातेवाइकाने मोबाईलवरच्या अभिप्रायात पूर्ण पाच तारे दिले तर वॉर्ड वाचत होता. सोमनाथ बाईंच्या पायांवर पडला. तुम्ही नसता तर माझी माय गेली होती, असं म्हणत तो हमसून रडला. मग त्याने डोळे पुसले, मोबाईल घेतला आणि तीन तारे दिले.

“सोमनाथभाऊ, तीन?” बाईंनी मोबाईलकडे बघत विचारलं.

“मॅडम, तुमच्यात काय बी खोट नाय,” सोमनाथ कळवळून म्हणाला. “पण गाडी लावायला जागा नाय, अन् कँटीनचा चा लई गोड. खरं ते द्यावं लागतं ना.”

असल्या प्रामाणिक अभिप्रायांवरच व्यवस्था उभी असते, असं म्हणून आकाशसाहेबांनी त्याचे आभार मानले. सोमवारी छातीच्या वॉर्डात सर्दीचे पेशंट आले.

सोमनाथचा राग आला ना? येऊ द्या, यायलाच हवा. पण मोबाईल हातात आहेच, तर मागे तुमच्या डॉक्टरांना काय लिहिलं होतं तेही एकदा बघून घ्या. ‘डॉक्टर चांगले आहेत, पण फार वेळ बसवून ठेवतात’ असं लिहून एक तारा कापलाय तुम्ही. त्या वेळी आत कुणाच्या तरी मायला धाप लागली होती.