चतुर मच्छर खातो का?

आमच्या भिसेगावात नवा माणूस आला की लोक त्याला नाव-गाव विचारायचे. गोमाभाऊ विचारायचे, "काय ओ, चतुर मच्छर खातो का?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट तो शेतावर भिरभिरणारा चतुर! तलाठ्याला त्यांनी हेच विचारलं. कुत्रा चावला म्हणून कर्जतच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांना हेच विचारलं. पुतणीला बघायला मुंबईची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या मामाच्या हातात पोह्यांची बशी देता देता हेच विचारलं. त्या बिचाऱ्याने घाबरून आधी पोह्यांत बघितलं.

ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. मी शाळेत मास्तर होतो आणि गोमाभाऊंच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. गोमाभाऊ म्हणजे साठीचा शेतकरी गडी. भाताची चार खाचरं, एक म्हैस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा दत्ता मोहोपाड्याच्या कारखान्यात लागला आणि तिथल्याच कॉलनीत राहायला गेला. या माणसाचा चतुराशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"नातू हाय ना मला, गुरुजी," ते म्हणाले.

झालं होतं असं, की नातू राजू सहा महिन्यांचा असताना दत्ता आणि सूनबाई सुरेखा त्याला घेऊन गौरीला आले आणि वस्तीला राहिले. सकाळी पोराचं तोंड मच्छरांनी बत्ताशासारखं फुगलेलं. वर ताप भरला. आठ दिवस सुरेखाच्या डोळ्याला डोळा नव्हता. पोर बरं झालं, पण तिने धसका घेतला तो घेतलाच. "मामंजी, रागावू नका. दिवसा कितीदाही येईन. पण हे मच्छर आहेत तोवर याला इथं वस्तीला ठेवायचं नाही." गोमाभाऊंनी मच्छरदाणी आणून पाहिली, तर पोराने आत असा टाहो फोडला की शेजारी धावत आले. तेव्हापासून दोन वर्षं तेच. सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने जायचं. घरी नातू रात्रीचा निजलेला गोमाभाऊंनी पुन्हा पाहिला नव्हता.

मग कोणीतरी सांगितलं, चतुर मच्छर खातो. कोणीतरी सांगितलं, छे, काहीतरीच. तेव्हापासून त्या माणसाला चैन नव्हतं.

मी पडलो भिडस्त आणि मुलखाचा घाबरट. एके दिवशी गोमाभाऊ काचेची बरणी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आत रुळालगतच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या मच्छराच्या अळ्या आणि तळाशी सहा पायांचा एक तपकिरी, ओंगळ किडा.

"ह्ये चतुराचं पोर. भाताच्या काडीवर चढून, पाठ फाटून यातनं चतुर निघतो, या डोळ्यांनी बघितलाय मी. तुमी शिकलेले. ठेवा घरात आन् बघा, खातो का."

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. बरणी खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी बघतो तर काय, एकही अळी शिल्लक नाही! मी आनंदाने गोमाभाऊंना हाक मारली. ते आले, बरणी उन्हात धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"झाकण कुठंय, गुरुजी?"

झाकण मी लावलंच नव्हतं.

"मग खाल्ले का उडाले?"

"उडाले!" आतून आमच्या मंडळींचा आवाज आला. "दोन रात्री माझ्याच अंगावर बसतायत. मोजून घेऊन जा म्हणावं!"

पुढे गोमाभाऊंनी शाळेतही यायला सुरुवात केली. पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायची, ते त्यांना सोसवेना. एकदा पाढे चालू असताना खिडकीत येऊन गरजले, "मच्छर धरनाऱ्या पोलिसाच्या शेपटीला कोन दोरा बांधतं का रं?" सगळा वर्ग एका सुरात "नाही!" म्हणाला, आणि त्या दिवशी पुढचा पाढा काही झाला नाही. मला भीती एकच, नेमके तेव्हा साहेब तपासणीला आले असते तर माझी नोकरी!

गावाने त्यांना हसण्यावारी नेलं. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

त्या वर्षी दत्ताचं कार्ड आलं, दसऱ्याला येतो म्हणून. कार्ड वाचून मीच दाखवलं. त्या दिवसापासून गोमाभाऊंचा जीव टांगणीला. खाचरांवर चतुर थव्याने भिरभिरत होते. रोज येऊन सांगायचे, "आज लय हायेत. या बारीला सूनबाई राहील, बघा." आणि लगेच, "राहील ना ओ?"

दसरा उजाडला तोच मळभ घेऊन. ऊन नाही म्हणजे चतुर नाही. खाचरांवर एक पंख हलेना. गोमाभाऊ तीनदा माझ्याकडे येऊन आभाळ बघून गेले, जसं काही माझ्या दारातलं आभाळ वेगळं होतं. मंडळी आली, जेवली, राजू अंगणभर दुडदुडला, पण म्हाताऱ्याचं लक्ष वर. दुपार कलली तशी मीही दारात येऊन आभाळ बघू लागलो.

तिन्हीसांजेला मी आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला गेलो. दत्ता घड्याळ बघत होता. आत सुरेखा पिशवी भरत होती. आणि गोमाभाऊ दाराच्या पायरीवर बसले होते, उघडेबंब, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं. पाठीवर, पायांवर मच्छरच मच्छर. एकालाही ते हाकलत नव्हते.

"अहो गोमाभाऊ, हे काय? चतुराची वाट बघताय?"

"हळू बोला, गुरुजी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चतुर खातो का नाय, द्येवाला ठावं. मी अडाणी मानूस, मला काय कळतंय. पन मच्छराचं प्वाट हितंच भरलं तं तो आत पोराकडं कशाला जाईल?"

दोन वर्षं मी या माणसाला हसलो होतो. मला माझीच लाज वाटली. पानं द्यायची ती तशीच हातात राहिली.

भरलेली पिशवी दत्ताच्या हातात देऊन सुरेखा चपला घ्यायला दारात आली होती. तिने ऐकलं. सासऱ्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग पदराने तिने ते मच्छर झटकले.

"मामंजी, आत या बघू. अंगात सदरा घाला."

"तुमची गाडी जाईल ना गं?"

"जाऊ दे."

दत्ताने घड्याळावरून मान वर केली. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली. "शेगडीत कडुनिंब टाका," ती आतून म्हणाली, "मी याला मांडीवर घेऊन बसते."

गोमाभाऊ उठले, पण आत जायला त्यांना धीर होईना. उंबऱ्यापाशी थांबून, एक हात चौकटीवर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "सकाळी त्याला पेज करू का गं, मऊ?"