सात थरांची सेवाज्येष्ठता

एकट्या माणसाने केलेला पदार्थ फार तर चवदार होतो. समितीने केलेला पदार्थ मात्र नियमानुसार होतो. आमच्या कार्यालयाने नेहमी दुसऱ्या प्रकाराची कास धरली आहे आणि त्याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

टपालबाई (आवक-जावक टेबल, सेवा एकतीस वर्षं) निवृत्त होणार होत्या. इतरांच्या निरोप समारंभाला त्या घरून सात थरांचं टेक्समेक्स (म्हणजे अमेरिकी वळणाचं मेक्सिकन) डिप करून आणायच्या. काचेच्या मोठ्या ट्रेमध्ये तळाला घोटलेला राजमा, त्यावर अव्हाकाडो, आंबट क्रीम, टोमॅटोचा साल्सा, चीज, ऑलिव्ह आणि कांद्याची पात. सोबत त्यात बुडवून खायला मक्याचे चिप्स. आजवरचे ट्रे अठ्ठेचाळीस. बाईंनी स्वतः खाल्लेले घास शून्य. (त्या चमचे धुऊन परत येईपर्यंत ट्रेचा तळ दिसायला लागलेला असे. यात कोणाचा दोष नाही. नळ लांब आहे.)

त्यामुळे साहेबांनी "भेट काय हवी?" असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "भेटबिट नको. ते डिप एकदा दुसऱ्या कोणीतरी करा. मला आयतं बसून खायचंय."

मागणी लहान असल्याने समिती मोठी नेमली. सदस्य अकरा, बैठका नऊ, सचिव मी. बाईंनाच कृती विचारावी अशी एक सूचना आली होती; पण सत्कारमूर्तीला कामाला लावणं बरं दिसत नाही, म्हणून ती फेटाळली.

सात विभागांना सात थर वाटून दिले आणि तिथेच माशी शिंकली. राजमा लेखा विभागाकडे होता. तो तळाशी जाणार हे कळताच लेखापाल ताडकन उठले.

"कार्यालयातला सगळ्यात जुना विभाग आमचा. आम्ही साल्साच्या खाली? आणि साल्सा कोणाकडे, तर परवा उघडलेल्या संगणक कक्षाकडे!"

मुद्दा बिनतोड होता. सेवाज्येष्ठतेची यादी मागवली आणि तिच्याबरहुकूम राजमा सर्वांत वर, साल्सा सर्वांत खाली असं ठरलं. ड्रायव्हर दारातून म्हणाला, "पातळ खाली आणि जड वर? बसेल का ते?" त्याचा आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा असल्याने समितीच्या कक्षेबाहेर गेला.

समारंभाच्या दुपारी बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हातात गुच्छ, मांडीवर रिकामी बशी. जेवणाचा डबा त्यांनी मुद्दाम आणला नव्हता. आधी साल्सा ओतला. त्यावर ऑलिव्ह टाकली. ती परवानगीविना तरंगली. मग बाकीचे थर आणि शेवटी लेखापालांनी स्वहस्ते थापलेला सहा किलो राजमा. ही रचना साडेतीन मिनिटं टिकली, म्हणजे फोटोपुरती. नंतर राजमा गंभीरपणे खाली गेला आणि साल्सा सगळ्यांना ओलांडून वर आला. संगणक कक्षाने टाळ्या वाजवल्या. मंजूर थर सात, प्रत्यक्षात एक. रंग जिन्याच्या भिंतीसारखा.

साहेब चष्मा पुसू लागले. एकशेवीस माणसं चिप्स हातात धरून उभी होती. हळूहळू सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे वळल्या.

"बाई, तुम्ही जरा बघता का?" हे वाक्य माझं. त्याबद्दल पुढे मला प्रशस्तिपत्र मिळालं.

बाईंनी बशीकडे पाहिलं. मग ती खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि राखीव साहित्य मागितलं. (समितीने सगळं दुप्पट आणलं होतं, दूरदृष्टी म्हणतात ती हीच.) पंचवीस मिनिटांत सात थर उभे राहिले, राजमा तळाला. लेखापालांनी आक्षेप नोंदवला नाही, कारण तोंड भरलेलं होतं. डिप अप्रतिम झालं होतं. एवढ्यात चमचे कमी पडले.

बाई चमचे घेऊन नळाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा आम्ही त्यांना रिकामा ट्रे समारंभपूर्वक सुपूर्द केला. त्यांनी तोही धुतला आणि घरी गेल्या. खुर्चीवरची बशी तेवढी कोरडी होती. ती मी कपाटात ठेवली आहे. का, ते मला सांगता येत नाही.

समितीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून कृतीची प्रत मागणारे एकशे बारा अर्ज आले आहेत. बाई त्या दिवशी काय जेवल्या, असं विचारणारा एकही नाही. तुमचा अर्जही त्या गठ्ठ्यात लावून घेतो. अव्हाकाडो किती घ्यायचे, एवढंच तुमचं विचारायचं राहिलं असेल ना?