शेषरावकाकांच्या सीटची तहकीकात

आमच्या बेला गावात कोणी गाडी घेतली, की पहिल्याच आठवड्यात सीटबेल्टच्या खाचेत घालायची ती खोटी क्लिप आणतो. पट्टा न लावता गाडी गप्प बसावी, एवढीच त्याची अपेक्षा. गाडी बोंबलावी म्हणून धडपडणारा माणूस सगळ्या मंडलात, म्हणजे तालुक्यात, एकच, आमचे शेजारी शेषरावकाका.

काका तहसील दफ्तरात शिपाई होते. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी घरात दूध सांडलं की ते आधी मौका, म्हणजे घटनेची जागा, पाहतात, मग गवाह बोलावतात. मांजराच्या मिशीला साय लागलेली दिसली तरी तहकीकात चालूच. गाडीबद्दलही त्यांचं मत ठरलेलं. "मशीन म्हंजे नोकर माणूस. कोणी बसला का हजेरी घेतलीच पाहिजे."

गाडी जुनीच घेतलेली. चालकाशेजारच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं, की ती टुंग टुंग करते. सीटमधल्या सेन्सरला वजन कळतं. काकूंचं उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं. आता त्या बऱ्या आहेत, असं काका सगळ्यांना सांगत. पट्टा टाक्यांवर घासतो म्हणून काकू तो लावत नव्हत्या. तशा त्या एक दिवस गाडीत बसल्या आणि गाडी गप्प.

झालं. काकांनी सेन्सरला गुन्हेगार ठरवलं आणि अंगणात तहकीकात बसवली.

गवाह म्हणून मला बोलावलं. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे सांगायला मी लाजत नाही आणि काका त्यावरून टोमणे मारायला विसरत नाहीत.

"या ग्रॅज्युएटबाई, बसा. पट्टा लावू नका."

मी बसले. गाडी बोंबलली. समोरचे पानठेलेवाले गंगन्ना बसले. बोंबलली. मग काकांनी ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं. गाडीने त्याचीही हजेरी घेतली.

"पाहा! पोत्याले माणूस म्हणते अन् माणसाले वळखत नाही!"

"मग सेन्सर चांगलाच आहे की, काका."

"तू काऊन मधात बोलून राह्यली? गवाहानं इचारल्यावर बोला लागते."

ओट्यावर काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "मी दिसतच नसंन तिले," त्या हसून म्हणाल्या. पण हातातली शेंग तशीच राहिली.

"तू चूप बस, वच्छे. सेन्सर खराब हाय," काका खेकसले.

दोन दिवसांनी ते काकूंना घेऊन गाडीने अदिलाबादच्या गॅरेजला निघाले. मला बँकेत काम होतं म्हणून मीही मागे बसले. गॅरेजवाल्याने सीट उचलली, वायरी पाहिल्या, मशीन लावून तपासलं.

"काका, सेन्सर एकदम बराबर है. वजन कम हो तो नहीं पकड़ता."

"धीरे बोलो!" काका दबक्या आवाजात ओरडले. काकू पलीकडे बाकावर चहा घेऊन बसल्या होत्या. चहा निवून गेला होता.

मी गाडीचं पुस्तक आधीच वाचलं होतं. "तेच तर मी सांगत होते..." असं मी सुरू केलं, तोच काकांनी मला हाताला धरून गाडीमागे नेलं.

"मले समजत नाही काय, पोरी? पोत्यात ज्वारी टाकून टाकून पाह्यलं मी, कितीवर बोंबलते ते." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "त्या दिवशी तिनं इचारलं, 'अवो, मी उरलीच नाही काय?' मी म्हणलं, सेन्सर खराब हाय. आता तो खराबच हाय. डॉक्टर म्हणते, जेवली तर भरून निघंन. पण तिनं हाय खाल्ली तर घास कोण उतरवंन तिच्या गळ्याखाली?"

मी तोंडावर खरं बोलणारी म्हणून गावात प्रसिद्ध आहे. कॉलेज शिकून पोट्टी फटकळ झाली, असंही म्हणतात.

परत निघताना काकू पट्टा न लावताच पुढे बसल्या. काकांनी गाडी चालू केली. टुंग नाही, काही नाही. काकू मान वळवून माझ्याकडे पाहू लागल्या.

"बाई, तू शिकेल हायेस. खरं सांग. सेन्सरच खराब हाय ना?"

काका समोर रस्त्याकडे बघत होते. गाडी अजून जागची हललीही नव्हती.

"हो काकू," मी म्हणाले. "सेन्सरच. असे पुष्कळ खराब निघतात."

काकूंनी सीटला नीट पाठ टेकली. बराच वेळ बोटाने पदराचा काठ सरळ करत राहिल्या.

"मंग चौकात थांबवजा जराशी," त्या म्हणाल्या. "मले गरम भजे खावंसे वाटून राह्यले."

काकांनी चालू गाडीलाच पुन्हा चावी मारली. गाडी करकरून किंचाळली, आणि काका तिला मनसोक्त शिव्या देऊ लागले.